डबक्यातले वादळ

‘बाजारात तुरी, भट भटणीला मारी’ ही म्हण जुनी. प्रत्यय मात्र ताजा. ‘स्पायडर-मॅन’ हा व्हिडिओ गेम ७ सप्टेंबर २०१८ रोजी विक्रीस आला. त्याआधीच चाहत्यांनी २०१७ ची झलक नव्या चित्राशी ताडून पाहिली आणि पाण्याचे एक डबके लहान झाल्याचे शोधून काढले! दर्जा घसरला, अशी ओरड झाली. फक्त डबक्याचा आकार बदलला आहे, असा खुलासा निर्मात्यांना करावा लागला. पुढे तीन दिवसांत ३३ लाख प्रती खपल्या!

मित्रहो, उत्सुकता हवीच. तिच्यावाचून तारुण्य कसले? तर्कही खुशाल लढवा. पण कित्येकांच्या वर्षानुवर्षांच्या मेहनतीचा निकाल एका डबक्यावरून लावणे हा न्याय नव्हे. आधी खेळा, मग बोला.