वाफ स्वस्त की डिझेल?

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला व गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँची आज डिझेलवर चालतात. तरीही कोळसा तेलाहून स्वस्त असता वाफ का टाकिली, असा प्रश्न आमचे विद्यार्थी करितात. आमच्या मते येथे हिशेबच चुकतो. इंधनाचा भाव मणावर न पाहता कापलेल्या मैलावर पाहावयाचा असतो.

कोळशाच्या शंभर भाग उष्णतेपैकी जुन्या बाष्पयंत्राकडून जेमतेम दहा-पंधरा भाग कामी येत. बाकीची धुराड्यातून व थंड पाण्यातून व्यर्थ जाई. डिझेल यंत्र पस्तीस-चाळीस भाग कामी लाविते. चांगल्या बाष्पयंत्रास दर अश्वशक्तीमागे ताशी सुमारे १.५ पौंड कोळसा लागे, तेथे डिझेलास सुमारे ०.४ पौंड तेल पुरते. म्हणजे तेल तिप्पट भावाने घेतले तरी डिझेलच स्वस्त!

आमच्या किनाऱ्यावर तर याहून निराळा खर्च भारी पडतो. मांडव्याचा प्रवास सुमारे तासाभराचा. बंब मात्र निघण्याच्या कित्येक तास आधी पेटवावा लागे, आणि बोट धक्क्यास लागून उतारूंची वाट पाहत असताही आग विझवून चालत नसे. डिझेल यंत्र बंद केले की तेलाचा खर्चही बंद. १९१२ साली कोपनहेगनला बांधलेली 'सेलांडिया' डिझेलवर बँकॉकपर्यंत गेली. तिला धुराडेच नव्हते, हे सांगितले की मुले हसतात.

डिझेल यंत्र विकत घेताना मात्र महाग, आणि तेल फवारणारे भाग नाजूक. मांडव्याच्या लाँची पावसाळ्यात बंद राहतात. भांडवलाचे व्याज काही थांबत नाही. २०२० साली सुरू झालेली मोठी रो-रो बोट हवा पाहून पावसाळ्यातही चालते, हा तिचा मोठा लाभ होय. आगवाल्यांची भाकरी गेली, तो तोटा मात्र कोणत्याच वहीत मांडला गेला नाही.

लूकच्या शुभवर्तमानातील बुरूज बांधणारा आधी बसून खर्च मोजतो. या खर्चात जिवाचे मोलही धरावे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' बुडाली व सहाशेहून अधिक माणसे गेली. तेलयंत्राने वाचणारा पैसा तिकीट उतरविण्याआधी जीवरक्षक पट्ट्यांवर व बोटीच्या तपासणीवर खर्चावा, आणि त्यापायी तिकीट चार रुपये चढले तरी पालकांनी कुरकुर करू नये, असे आम्हांस वाटते.