वाळूला जामीन कोण?

बँकेत असताना घरबांधणीची किती कर्जप्रकरणे माझ्या सहीने मंजूर झाली, याचा हिशेब आता सांगता येणार नाही. सातबारा, बिनशेतीचा आदेश, मंजूर नकाशा, दोन जामीनदार. यांतला एक कागद कमी असला तरी मी अर्जदाराला परत पाठवीत असे. मात्र 'स्लॅबला वाळू कोणती वापरणार?' हे मी एकालाही विचारले नाही. पुढे धुळ्यात देवपुरातल्या अशाच एका घरी गेलो, तेव्हा १५ वर्षांचे हप्ते अजून फिटायचे होते आणि छताचे पोपडे पडून गंजलेल्या सळया उघड्या पडल्या होत्या.

सिमेंट आपण नाव पाहून घेतो, सळई वजन करून घेतो. वाळू मात्र ब्रासच्या भावाने येते आणि दारात ओतली जाते. तिच्यातली माती कणांवर लेप धरते, म्हणून सिमेंटची पकड बसत नाही. मातकट माल लवकर घट्ट होतो, मग गवंडी आणखी पाणी ओततो. ते जादा पाणी उडून जाते आणि मागे बारीक छिद्रे राहतात. त्यांतून ओल आणि हवा आत शिरते. काँक्रीटच्या ज्या अल्कधर्मी गुणामुळे सळई सुरक्षित असते, तो ओसरतो. गंजाला लोखंडाहून अधिक जागा लागते. तो काँक्रीट फोडूनच बाहेर येतो. असे घर पहिल्या पावसाळ्यात दगा देत नाही. तो दगा काही वर्षांनी कळतो, तेव्हा वाळूवाला कुठे असतो?

मग गिरणेची, तापीची, पांझरेची स्वच्छ वाळू हवी तेवढी उपसावी काय? तसे मुळीच नाही. पात्रातली वाळू पाणी धरून ठेवते. ती गेली की काठच्या विहिरी आटतात. पांझरेच्या फड बागायतीवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या मुलखाला हे वेगळे सांगायला नको. राज्य सरकारने २०२५ साली कृत्रिम वाळूचे धोरण मंजूर केले, ते योग्यच झाले. आपला काळा पाषाण त्यासाठी उत्तम आहे. परंतु खडीच्या क्रशरखाली साचलेली कच म्हणजे कृत्रिम वाळू नव्हे. कचेत चपटे कण आणि भुकटी फार. खरी कृत्रिम वाळू कणांना आकार देऊन, भुकटी काढून तयार होते.

नदीच्या वाळूची परीक्षा सोपी आहे. काचेच्या उभ्या ग्लासात अर्धी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ. चांगले हलवून तीन तास ठेवावे. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांहून जाड असेल, तर गाडी परत पाठवावी. प्रयोगशाळेची कसोटी याहून कडक असते.

बँका कर्ज टप्प्याटप्प्यानेच देतात. स्लॅबचा हप्ता सोडण्यापूर्वी वाळूच्या तपासणीचा दाखला मागायला कोणती अडचण आहे? कर्ज बुडाले तर जामीनदार भरतो. छत कोसळले तर भरून देणारा कोणी नसतो. हा दाखला मी माझ्या खुर्चीवर असताना मागायला हवा होता. आज त्या खुर्चीवर जे बसले आहेत, त्यांनी तरी तो मागावा.