एका पुस्तकाची नोंद किती वेळा?

नवे मराठी पुस्तक वाशीच्या महाविद्यालयात आले की तिथला ग्रंथपाल त्याची नोंद टंकतो. तेच पुस्तक नेरुळला, बेलापूरला, खारघरला पोचले की पुन्हा तीच मेहनत. १९५४च्या केंद्रीय कायद्यानुसार प्रकाशकाला एक प्रत मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयालाही द्यावी लागते. तिथे झालेली नोंद मात्र खाडी ओलांडून आपल्याकडे येत नाही.

साधनांची अडचण आता उरलेली नाही. कोहा, सोल, ई-ग्रंथालय या तिन्ही प्रणालींत मार्क २१ नोंदींची देवाणघेवाण होते. ओएआय-पीएमएच वापरले तर कालपासून बदललेल्या तेवढ्याच नोंदी रात्रीत आपोआप उचलता येतात. हे व्हायलाच हवे. पण मराठी नोंदी आज आहेत तशाच या वाटेला लावू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मार्क नोंदीच्या लीडरमध्ये शून्यापासून मोजून नवव्या स्थानी ‘ए’ असेल, तरच ती युनिकोडमधली ठरते. ती जागा रिकामी राहिली तर नोंद जुन्या मार्क-८ संकेतातली मानली जाते, आणि मार्क-८मध्ये देवनागरी मुळातच नाही. मग शीर्षकाच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. हा दोष निदान डोळ्यांना दिसतो.

‘ॲ’चा दोष दिसतही नाही. युनिकोडमध्ये या अक्षराला स्वतंत्र संकेत मिळाला २००८ साली. त्याआधीच्या नोंदींत ‘अ’ आणि वरचा चंद्र असे दोन संकेत आहेत. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात, आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही ते एक होत नाहीत. जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन नसतो. त्यामुळे जुळणी शीर्षक आणि लेखकावरच होते, आणि एका पुस्तकाच्या दोन नोंदी तयार होतात.

लेखकनामांचेही तेच. ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकरांच्या नावे, ‘विशाखा’ कुसुमाग्रजांच्या. ही दोन नावे जोडणारी प्रमाण यादी नसेल, तर वाचकाला अर्धाच लेखक सापडतो. अशी यादी एकट्या ग्रंथालयाने करण्याची गोष्ट नव्हे; ती नवी मुंबईतल्या ग्रंथपालांनी मिळून करावी.

तोवर एवढे करा: आपल्या शंभर मराठी नोंदी शेजारच्या ग्रंथालयाच्या चाचणी प्रणालीत पाठवा, एकेक उघडून वाचा, आणि मगच रात्रीची स्वयंचलित देवाणघेवाण सुरू करा.