नक्षी मुठीला, पारख टोकाला

भाटघरच्या जलाशयाकाठी पुण्या-मुंबईच्या सहलकरांसाठी गेल्या काही वर्षांत जी विश्रामस्थाने उभी राहिली, त्यांपैकी काहींच्या दिवाणखान्यात पूलचे टेबल मांडलेले असते. आणि शेजारच्या खुंटाळ्यावर उभ्या असलेल्या क्यूंपैकी जिची मूठ काळीभोर, जिच्यावर शिंपल्याच्या भासाची नक्षी आणि जिच्या अंगभर वार्निशाची चकाकी, नेमकी तीच काठी पाहुणा प्रथम उचलतो. तिचे खरे स्वरूप पहिल्या दोनचार फटक्यांतच उघडे पडते. चेंडू योजिल्या रेषेत जात नाही, मधल्या सांध्यात खडखड वाजते आणि घामेजल्या बोटांवर वार्निश चिकटून काठी सरकेनाशी होते. पुण्याच्या बाजारातून अशीच काठी हौसेने विकत आणणारा होतकरू खेळाडू तर महिनोन् महिने स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. ही निराशा दैवाची नव्हे. वस्तू न वापरता पसंत करण्याच्या आपल्या रूढीचे ते सरळ फळ आहे.

अलंकार मुठीवर असतो आणि चेंडूची गाठ पडते ती टोकाशी, तीही सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागापुरती. तेवढ्या अवधीत चामड्याची टिप, तिच्याखालचे टोपण आणि पुढच्या वीतभर लाकडाचे वजन यांचाच काय तो अंमल चालतो. चेंडूच्या मध्यापासून डावीकडे आघात केला, की तो नेम धरलेल्या रेषेच्या किंचित उजवीकडे फेकला जातो; टोकाचे वस्तुमान जितके अधिक, तितके हे विचलन अधिक. शिवाय लाकूड नीट मुरवलेले नसेल, तर भोर-वेल्ह्याच्या चार महिन्यांच्या दमट हवेत ते पाणी शोषून वाकते. जडावाऐवजी छापील चित्र चिकटवून त्यावर वार्निशाचे थर चढवणाऱ्या कारखानदाराला या गोष्टी ठाऊक नसतात असे नव्हे. पण ज्याची विचारणा गिऱ्हाईक करीत नाही, त्यावर तो खर्च का करील?

या खेळाचा इतिहासही हेच सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मिंगो या फ्रेंच खेळाडूने काठीच्या टोकाला चामडे बसवले आणि चेंडूला मनाजोगी फिरकी देण्याची किमया खेळाडूच्या हाती आली. खेळ पालटला तो चामड्याच्या एका चकतीने. स्टीफन हेंड्रीने १९९० ते १९९९ या काळात स्नूकरची सात जागतिक अजिंक्यपदे ज्या एकाच काठीने मिळवली, तिची किंमत चाळीस पौंडांच्या आसपास होती. आपल्या पुण्यात १९२२ साली जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेतेपद पटकावले. त्यांच्या कीर्तीचा आधार हाताची अचूकता हाच होता. आणि ती अंगी बाणवायची, तर काठीने प्रत्येक वेळी एकसारखेच उत्तर दिले पाहिजे.

सौंदर्याचा तिरस्कार करावा असे मात्र माझे म्हणणे नाही. रशियात जन्मलेला अमेरिकन कारागीर जॉर्ज बालाबुष्का याच्या काठ्या आज संग्राहक मोठ्या मोलाने घेतात, आणि त्या देखण्याही आहेत; परंतु त्यांचा लौकिक प्रथम झाला तो त्यांच्या आघातामुळे. गुणामागून आलेली शोभा आदरणीयच होय. गुणाची उणीव झाकण्यासाठी आणलेली शोभा ही निव्वळ फसवणूक. भाटघरच्या धरणाची थोरवी आपण त्याच्या दगडी भिंतीच्या रेखीवपणावरून ठरवत नाही. जलाशय काठोकाठ भरताच त्याचे ४५ स्वयंचलित दरवाजे वेळेवर उघडतात की नाही, यावर नीरेकाठचा शेतकरी ती मोजतो.

तेव्हा तजवीज सोपी आहे. जिमखाने, महाविद्यालये आणि विश्रामस्थाने यांच्या चालकांनी केवळ दरपत्रके व छायाचित्रे पाहून खरेदीला मंजुरी देण्याचा प्रघात सोडावा. नमुन्याची काठी जाणत्या खेळाडूच्या हाती देऊन त्याची शिफारस दफ्तरी नोंदवावी आणि मगच रक्कम अदा करावी. सामान्य ग्राहकाने काठी डोळ्याशी धरून तिचा सरळपणा पाहावा, सांधा आवळून कानाशी ठोकावा, टिप नीट चिकटली आहे याची खातरजमा करावी आणि टेबलावर मध्यभागी व कडेला असे दोन्ही प्रकारचे आघात करून पाहावेत. जो दुकानदार एवढीही मुभा देण्यास नाखूष असेल, त्याच्या मालाची परीक्षा त्या नकारातच झाली असे समजून पुढचे दुकान गाठावे.