प्रशिक्षक कोण, याआधी मोजपट्टी कोणती?

भारतीय फुटबॉल संघाचा पुढचा मुख्य प्रशिक्षक कोण असावा, हा वाद सोलापुरात सात रस्त्याच्या चहाच्या टपऱ्यांवरही रंगतो. पराभव झाला की आपली पोरे तावातावाने म्हणतात, "खालिदला काढा, बाहेरचा आणा." प्रशिक्षक बदलावा की नाही, हा नंतरचा प्रश्न. आम्ही आधी एवढेच विचारतो : माणसे मोजताना आपली मोजपट्टी सर्वांना एकच आहे का?

हिशेब मांडू. क्रोएशियाचे इगोर स्टिमाच २०१९ ते २०२४ अशी पाच वर्षे प्रशिक्षक होते. त्यांच्या काळात आपण २०२३ चा सॅफ करंडक जिंकला, पण २०२४ च्या आशिया चषकात तिन्ही सामने एकही गोल न करता हरलो. नंतर स्पेनचे मानोलो मार्केझ आले. आठ सामन्यांत एक विजय, तोही मालदीवविरुद्ध. १ ऑगस्ट २०२५ रोजी खालिद जमील यांची निवड झाली, तेव्हा पात्रता फेरीतल्या दोन सामन्यांतून भारताच्या खात्यात एकच गुण होता. त्यांच्या संघाने मध्य आशियाच्या काफा स्पर्धेत ओमानला हरवून तिसरे स्थान मिळवले. पुढे गोव्यात सिंगापूरकडून आणि ढाक्यात बांगलादेशकडून पराभव झाला. टीका व्हायलाच हवी. पण परदेशी माणसाला पाच वर्षे आणि देशी माणसाला पाच महिने, हा कुठला न्याय?

त्या पदासाठी १७० अर्ज आले होते. त्यात झावी आणि ग्वार्डिओला यांच्या नावाचे ई-मेलही होते. ते खरे नव्हते, असा खुलासा महासंघाला करावा लागला. पण तोवर मोठ्या नावाने सगळे हुरळून गेले होते. इकडे जमील यांनी २०१७ मध्ये मिझोरामच्या छोट्याशा ऐझॉल क्लबला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले होते. २०२१ मध्ये हंगामी प्रशिक्षक म्हणून नॉर्थईस्ट युनायटेडला आयएसएलच्या उपांत्य फेरीत नेले होते. तरी राष्ट्रीय संघाच्या खुर्चीपर्यंत पोहोचायला २०२५ उजाडले.

जमील यांच्यावर जातीय अन्याय झाला, असे आम्ही म्हणत नाही. पण 'मेरिट' या शब्दाचा खेळ आपल्याला ओळखीचा आहे. पळवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. गोलंदाजी चालली, नेतृत्व मात्र चालले नाही. १९२० मध्ये त्यांना डावलले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे त्यांचे भाऊ निषेध म्हणून हिंदू संघातून बाहेर पडले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. बाळू कधीच झाले नाहीत. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले, तो राजकीय विरोध वेगळा. त्यामुळे मैदानावरचा अन्याय खोटा ठरत नाही. घाम तुमचा आणि निर्णय आमचा, ही वाटणी जुनी आहे.

म्हणून 'आपला माणूस' म्हणून जमील यांची पाठराखण करा, असेही आमचे म्हणणे नाही. विभूतिपूजेचा धोका बाबासाहेबांनी संविधान सभेत सांगून ठेवला आहे. नावावर भांडण्याऐवजी निकष मागा : मुदत किती, उद्दिष्ट काय, निवड कोण करणार आणि अपयश आले तर प्रशिक्षकाबरोबर महासंघही जबाबदार धरला जाणार का?

आणि हाच प्रश्न घरातही विचारा. जयंतीनिमित्त आपली मंडळे स्पर्धा भरवतात. तिथे संघाचा कर्णधार कोण होतो? चांगला खेळणारा, की वर्गणी जास्त देणाऱ्याचा मुलगा? मुलींचा संघ असतो का? प्रशिक्षक व्हायचे तर 'डी' परवान्यापासून सुरुवात करता येते. आपल्या वस्तीतल्या किती जणांना हे माहीत आहे? यंदा मंडळाने डीजेचा एक दिवस कमी करून त्या पैशात दोन मुले आणि दोन मुली त्या अभ्यासक्रमाला पाठवाव्यात. प्रशिक्षक कोण असावा यावर आपण खूप बोललो. आता आपल्यातून प्रशिक्षक घडवू.