डॉक्टरांना नाही, ग्रुपला सांगितलं

पेशंट गूगल करून येतो, ही ओपीडीतली तक्रार आता जुनी झाली. नवी तक्रार त्यापुढची आहे. तो आपले रिपोर्ट, गोळ्यांचे डोस, अगदी शौचाच्या तक्रारीसुद्धा इंटरनेटवरच्या अनोळखी माणसांपुढे मांडतो आणि डॉक्टरांसमोर मात्र ‘बरं आहे’ म्हणतो. यात भोळेपणा किती आणि हिशेब किती?

अमेरिकेतल्या स्टीफन हेवूडला 1998 मध्ये, वयाच्या 29 व्या वर्षी एएलएस या स्नायू निकामी करत नेणाऱ्या जीवघेण्या आजाराचे निदान झाले. त्याच्या जेमी आणि बेन या भावांनी एका मित्रासह 2004 मध्ये ‘पेशंट्सलाइकमी’ ही वेबसाइट काढली. तिथे नुसती सुखदुःखे बोलली जात नव्हती. सभासद आपले औषध, डोस आणि 48 गुणांच्या मापपट्टीवरची घसरण नोंदवत, आणि ती इतरांना दिसे. आपल्याच वयाच्या, तशीच सुरुवात झालेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे त्यातून कळू लागले. दवाखान्यात या प्रश्नाला सरासरी मिळते. रुग्णाला सरासरीत रस नसतो.

2008 च्या सुरुवातीला इटलीतल्या संशोधकांनी लिथियममुळे एएलएस मंदावतो असे जाहीर केले. अभ्यासात लिथियम घेणारे रुग्ण होते अवघे 16. पण रिलुझोल या औषधापलीकडे हाती फारसे काही नसलेल्यांना तेवढे पुरले. साइटच्या अनेक सभासदांनी लिथियम सुरू केले आणि परिणाम नोंदवले. त्यांतल्या 149 जणांची तुलना आजाराची वाटचाल तशीच असलेल्या, पण लिथियम न घेणाऱ्या रुग्णांशी झाली. 12 महिन्यांनंतरही फायदा दिसला नाही. हे निष्कर्ष 2011 मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त छापून आले, आणि रीतसर चाचण्यांतूनही तेच निघाले. प्लासिबो नव्हता, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. आक्षेपांना जागा भरपूर आहे. तरीही ज्यांनी आशेने औषध घेतले, त्यांनीच ते निरुपयोगी असल्याचा पुरावा जमवला.

उघडेपणाची किंमतही तिथेच मोजली गेली. 2010 मध्ये याच साइटच्या मनोविकारविषयक चर्चेतले संदेश नील्सन या बाजारसंशोधन कंपनीने परस्पर उतरवून घेतल्याचे उघड झाले. साइट स्वतःही नावे काढून माहिती औषध कंपन्यांना विकत होती. अर्थात ते तिने लपवले नव्हते. काही सभासद दुखावून बाहेर पडले. जे राहिले ते अडाणी नव्हते. ज्याच्या हाती मोजकी वर्षे आहेत, त्याला गुप्ततेपेक्षा माहितीची निकड मोठी वाटते. नैराश्याच्या किंवा एचआयव्हीच्या रुग्णाचे गणित वेगळे: नोकरी, लग्न, विमा हे सगळे त्याच्यापुढे अजून उभे असते.

म्हणून ‘तिथे काही लिहू नका’ हा सरसकट सल्ला फुकट जातो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रिपोर्ट टाकण्याआधी नाव, नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड झाकायला सांगण्याला अर्धे मिनिटही लागत नाही. हिस्टरी घेताना आणखी एक प्रश्न वाढवता येईल: इतर पेशंटचं ऐकून कोणतं औषध सुरू केलंत, कोणतं बंद केलंत? आवाज चढवून विचारला, तर उत्तर ‘काही नाही’ असेच येईल.