साखरेला वास नसतो

बंगळुरूच्या दक्षिण भागातील बनशंकरी येथे मी गेली काही वर्षे राहतो. कनकपुरा रस्त्यावरच्या बनशंकरी देवीच्या मंदिरात मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी राहुकाळी स्त्रियांची मोठी गर्दी होते. लिंबाचे दोन भाग करून पिळायचे, साल उलटी करून तिची वाटी करायची आणि तीत तूप व वात घालून दिवा लावायचा, अशी तिथली रीत आहे. तापलेल्या लिंबाच्या सालीचा, तुपाचा, मोगऱ्याचा आणि कापराचा वास तिथे एकमेकांत मिसळून जातो. बनशंकरी म्हणजे शाकंभरी, दुष्काळात भाजीपाला देऊन लोकांना जगवणारी देवी. बदामीजवळच्या तिच्या मूळ स्थानी महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे कुलदेवतेच्या दर्शनास जातात. अशा देवीच्या दारात अन्नाचा वास आणि पूजेचा सुगंध वेगळे काढता येत नाहीत, याचे मला कधी नवल वाटले नाही.

नवल वाटले ते मेट्रोत. एका संध्याकाळी डब्यात शिरलो, तो भाजलेल्या साखरेचा आणि व्हॅनिलाचा दाट वास आला. कोणी केक घेऊन चालले असावे असे वाटले. पण केक कुठेच नव्हता. समोर उभ्या असलेल्या एका तरुणीने लावलेल्या अत्तराचा तो वास होता. त्याच डब्यात, दाराशी अंग चोरून, आमच्या इमारतीत स्वयंपाकाची कामे करणाऱ्या मावशी उभ्या होत्या. त्या मूळच्या बेळगावकडच्या. मी त्यांना शेजारी बसायला बोलावले, तेव्हा पदर सावरीत त्या म्हणाल्या, "नको काका, अंगाला फोडणीचा वास येतोय."

एकाच डब्यात दोघींच्या अंगाला अन्नाचा वास होता. एकीने तो पैसे मोजून घेतला होता आणि दुसरीला त्याची लाज वाटत होती. त्या दिवसापासून हा विचार माझ्या मनातून गेलेला नाही.

गोड वासाची मोहिनी मोठी असते, हे खरे. पण साखरेला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. घरातल्या साखरेच्या डब्याचे झाकण काढून आपण हुंगून पाहा. गुळाला वास असतो, उसाच्या रसाला असतो, तापून तांबूस झालेल्या साखरेलाही असतो; पांढऱ्या स्वच्छ साखरेला मात्र नसतो. गोडी ही जिभेने जाणायची गोष्ट आहे. मग 'गोड वास' आला कोठून? एखादा अनोळखी वास साखरेच्या पाण्याबरोबर वारंवार दिला, की काही काळाने माणसे नुसत्या त्या वासालाच गोड म्हणू लागतात, असे अभ्यासकांना प्रयोगांत आढळले आहे. म्हणजे नाक हे शिकत असते. आपल्या नाकाला ही शिकवण वेलदोडा आणि जायफळ यांनी दिली, कारण पुरणात, श्रीखंडात, बासुंदीत ती पिढ्यान्‌पिढ्या साखरेच्या सोबतीने आली. व्हॅनिलाची शिकवण पुढे बिस्किटांनी आणि आइस्क्रीमने दिली. आमच्या घरातली तशाच अत्तराची बाटली एकदा मी मावशींना हुंगायला दिली. त्यांनी दोनदा हुंगले आणि म्हणाल्या, "ह्यात वेलदोडा नाही. मग गोड कसं म्हणायचं ह्याला?" विज्ञानाची इतकी नेमकी परीक्षा मी पूर्वी पाहिली नव्हती.

हे वास बाटलीत कसे आले, तेही पाहण्यासारखे आहे. १८७४ मध्ये टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी पाइन जातीच्या झाडातील एका द्रव्यापासून व्हॅनिलाचा मुख्य गंध, व्हॅनिलिन, तयार केला. १८८९ मध्ये पॅरिसच्या गेर्लँ यांच्या 'जिकी' या अत्तरात तो आला. तरीही पुढे शंभर वर्षे अत्तर म्हणजे प्रामुख्याने फुले, लाकूड आणि राळ असेच मानले गेले. १९९२ मध्ये तिएरी म्यूग्लर यांचे 'एंजल' निघाले आणि चित्र पालटले. जत्रेतल्या 'म्हातारीच्या केसां'चा वास त्यांना हवा होता. सुगंधकार ऑलिव्हिए क्रेस्प यांनी इथाइल माल्टॉल या कृत्रिम द्रव्याने तो साधला आणि त्याला जोड दिली पाचेची. आपल्याकडे वेणीत माळतात तीच ही पाच. तेव्हापासून चॉकलेट, कॉफी, मध, बदाम असे खाद्यगंध अंगावर लावण्याची रूढी जगभर पसरली.

आपल्याकडे सुगंधाने उलटी वाट धरली होती. गुलाब गुलकंदात गेला, वाळा माठात गेला, केशर दुधात गेले. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाच्या उपभोगांचे वर्णन आहे. त्यात विलेपन, धूप, अन्न आणि पाणी या प्रत्येकाचा स्वतंत्र विचार केलेला आढळतो. अंगाला अन्न लावणे आपल्याला अगदीच परके आहे असेही नाही. डाळीचे पीठ, साय आणि हळद आपण लावतोच. मात्र ते लगेच धुऊन टाकतो!

परंतु कोणते अन्न बाटलीत गेले, हा खरा प्रश्न आहे. लसणीच्या फोडणीला तिथे जागा मिळाली नाही, सुक्या बोंबलाला मिळाली नाही, चुलीवरच्या भाकरीलाही नाही. गोड पदार्थ सणाचा, पाहुण्यांचा, बाळपणीच्या हट्टाचा असतो. रोजच्या स्वयंपाकाचा वास कष्टांचा असतो आणि तो करणारीच्या लुगड्यात, केसांत, हाताच्या रेषांत राहतो. बाटलीतल्या वासात करणारा कोठेच दिसत नाही. विलेपार्ल्यात १९२९ पासून २०१६ पर्यंत चाललेल्या बिस्किटांच्या कारखान्याचा वास लोकलच्या प्रवाशांना येई. त्याविषयी लोक आजही हळवे होऊन बोलतात. आत भट्टीपाशी उभ्या राहणाऱ्या कामगारांना तो कसा वाटे, हे कोणी विचारल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. व्हॅनिलाची गोष्टही तशीच. मूळ मेक्सिकोच्या या वेलीचे फूल इतरत्र हातानेच फळवावे लागते. त्याची सोपी युक्ती १८४१ मध्ये रियुनियन बेटावरील एडमंड आल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. त्या युक्तीवर मळेवाले श्रीमंत झाले. तो गरिबीतच वारला. आजही काडी आणि अंगठा यांनी एकेक फूल हाताळावे लागते.

अशी अत्तरे कोणी लावू नयेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. आमच्या घरातली ती बाटली माझ्या थोरल्या बहिणीची आहे. मधुमेहामुळे तिचे गोड सुटले. तिच्या सुनेने ती वाढदिवसाला आणून दिली. दुपारच्या चहानंतर ताई मनगटावर एक थेंब लावते आणि डोळे मिटून स्वस्थ बसते. या आनंदाला नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला आहे?

माझी तक्रार नाकाच्या दुटप्पीपणाविषयी आहे. आमच्या इमारतीत घर भाड्याने घ्यायला येणाऱ्याला, त्याच्याकडे काय शिजते, हे आधी विचारले जाते. जिन्यात मासळीचा वास आला की खिडक्या लागतात आणि दुसऱ्या दिवशी चिटणिसांकडे चिठ्ठी जाते. होळीच्या दिवशी मावशी तिसऱ्या मजल्यावर पुरण शिजवतात. त्या दिवशी सगळ्या मजल्यांची दारे उघडी असतात, आणि संध्याकाळी मावशी घरी जायला निघतात तेव्हा लिफ्टमध्ये त्यांच्यापासून कोणी दूर सरकत नाही.